पाचव्या घराला कुलूप

भुताचा सिनेमा लावायचा आणि स्वतः सिनेमाकडे पाठ करून बसायचं, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शौकतभाऊ. टीव्ही बैलगाडीवर, बैलगाडीच्या पुढ्यात उपडा घातलेला लाकडी खोका, खोक्यावर शौकतभाऊ आणि त्यांचं तोंड आमच्याकडे. त्यांच्या डोक्यामागे मुडदे उठून बसायचे, कवट्या दात विचकायच्या, खाट आपली आपण चालायला लागायची. आणि हा माणूस भाताच्या खाचरात पाणी किती चढलंय ते बघावं तसा आमच्या तोंडांकडे बघत बसायचा. मागून कुणी ओरडलं, "भाऊ, मान काढा, भूत दिसंना!" की तेवढ्यापुरती मान वाकडी करायचे. भुताला वाट दिली की मान पुन्हा सरळ.

ही गोष्ट व्हिडिओच्या जमान्यातली. आमचं गाव कान्हे. भात झोडून झालं, पोती घरात पडली, की सारवलेलं खळं मोकळं पडायचं आणि त्यावर वर्षातून एकदा व्हिडिओ यायचा. आजूबाजूच्या गावांत देवाधर्माचे किंवा मारामारीचे पिक्चर लागायचे. आमच्या गावात मात्र दरसाल भुताचा, आणि दरसाल तोच. नाव होतं 'पाँच मुर्दे, एक खाट'. आम्ही त्याला 'खाटवाला' म्हणायचो.

सिनेमा एक, पण गोष्टी पाच. सुरुवातीला एक म्हातारा सुतार खाट विणता विणता सांगतो, की ही खाट पाच घरी जाईल आणि प्रत्येक घरातून एकाला घेऊन जाईल. मग खाट निघते. एका घरी पैलवान. त्याला भूत कुस्तीचं आव्हान देतं, तो भुताला चीत करतो आणि त्याच आनंदात मरतो. एका घरी चोर. तो खाट चोरून डोक्यावर घेतो, ती पुन्हा खाली उतरतच नाही. एका घरी सासू. ती मेल्यावरसुद्धा दर शनिवारी येऊन फळीवरून बोट फिरवते आणि धूळ किती बसलीय ते सुनेला दाखवते. आणि एका घरी कुणीच नाही, नुसती रिकामी खाट. तिच्यावरची चादर हळूहळू माणसाएवढी फुगत जाते आणि शेवटी सुताराचा आवाज येतो, "अब आपकी बारी." हसता हसता पोटात गोळा आणि भिता भिता हसू, अशी त्या सिनेमाची एकूण तऱ्हा होती.

मोजलंत तर ही घरं चारच झाली. आमच्या खळ्यावर खाट चारच घरी जायची आणि पडद्यावर 'समाप्त' यायचं. कुणीतरी ओरडायचंच, "आरं, पाचवं घर कुटाय?"

शौकतभाऊ खोक्यावरून उठत म्हणायचे, "पाचव्या घराला कुलूप हाय. मालक गावाला गेलेत. चला, उठा, घोंगड्या झाडा."

हे इतकी वर्षं चाललं, की आमच्या गावात ती म्हणच होऊन बसली. लग्नाच्या पंगतीत जिलबी संपली, "पाचव्या घराला कुलूप." गणिताच्या पेपरात शेवटचं गणित सुटलं नाही, "पाचव्या घराला कुलूप." एखाद्या पोराला स्थळ चालून येईना, तरी तेच. कान्ह्याबाहेर ही म्हण कुणाला कळत नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

आणखीही एक गोष्ट उशिरा कळली. तो सिनेमा आमच्याकडे उलटासुलटा होता.

स्टेशनच्या रस्त्याला शौकतभाऊंचं दुरुस्तीचं दुकान. रेडिओ, टीव्ही, मिक्सर, इस्त्री, जे बंद पडेल ते. तिथे दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवून त्यांनी सिनेमाची नवी कॅसेट बनवली होती, आपल्या मनासारखी. रिकाम्या खाटेची गोष्ट खरी शेवटची. ती त्यांनी उचलून सगळ्यात आधी लावली. सासू मधली, ती शेवटी नेली. त्यामुळे आमच्याकडे सिनेमा सुरू होताच सुतार सांगायचा, आता तुमची पाळी. मग आम्ही सिनेमाभर एकमेकांकडे बघत बसायचो, की नक्की कुणाची.

याबद्दल विचारलं की भाऊ आपलं शास्त्र सांगायचे. "भीती आदी द्यायची, हसू मागनं. भीती मागनं दिली तर ती मानसासंगं घरापत्तुर जाती. हसू मागनं दिलं तर निस्तं हसू जातं. आपली मानसं अंधारातनं बांधावरनं घरी जानार. त्यांच्यासंगं कोन गेलेलं बरं? सासू बरी."

आणि खरंच, सासूच्या गोष्टीनंतर बायका एकमेकींच्या फळ्यांवर बोटं फिरवण्याचं नाटक करत, हसत हसत घरी जायच्या. भुताचा पिक्चर बघून कुणाला ताप आला, असं आमच्या गावात कधी झालं नाही.

शौकतभाऊंच्या हातात वायरीचा रिमोट असायचा आणि मांडीवर बॅटरी. आमच्या तोंडांकडे बघत ते भुतं चालवायचे. एखादं पोर आईच्या पदरात फारच शिरायला लागलं की ते बटण दाबून भूत जागच्या जागी थांबवायचे. भुताचा हात वर गेलेला, तोंड उघडं, आणि खळ्यावर सगळं शांत. "पानी पी," भाऊ त्या पोराला सांगायचे. "सावकाश पी. त्यो कुटं जात न्हाई." पोराचं पाणी पिऊन होईपर्यंत भूत बिचारं हात वर करून उभं. मग तेच पोर म्हणायचं, "सोडा आता." भाऊ भुताला सोडायचे.

आवाजाचं बटणही त्यांच्याच हातात. "भुताचा जीव गळ्यात असतो," ते म्हणायचे. "आवाज बारीक केला की भूत निम्मं ऱ्हातं. पार बंद केला तर निस्ता एक मानूस, तोंडाला पीठ फासलेला." पोटुशी बाई असली तर तिला आधीच निरोप जायचा, की तू सासूच्या टायमाला ये. माझ्या मामाला त्यांनी कायम खळ्याच्या कडेला बसवलं. "तुजा मामा लय भित्रा, पन हसतो झ्याक. अशी मानसं मदी बसवली तर भीती सगळीकडं पसरती, कडंला बसवली तर हसू पसरतं." मामाला हा अपमान वाटायचा, तरी तो मुकाट्याने कडेला बसायचा.

पुढे पुढे गावातले लोक सोयरीक जुळवताना शौकतभाऊंना हळूच विचारायला लागले. हा माणूस दरसाल सगळ्यांची तोंडं बघतो, याला माहीत असणार. भाऊ फारसं बोलायचे नाहीत, पण एकदा त्यांनी एका मुलीच्या बापाला सांगितलं, "पोरगा चांगला हाय, कमावता हाय. पन सासूच्या गोष्टीला हसला न्हाई. इचार करा." बापाने विचार केला आणि मुलगी दुसरीकडे दिली. तो न हसलेला पोरगा पुढे आमच्याच सोसायटीचा सेक्रेटरी झाला. भाऊंचं म्हणणं किती खरं होतं, ते आम्ही आता भोगतो आहोत.

दुकानातही त्यांचा न्याय वेगळाच. बंद टीव्ही घेऊन कुणी आलं की ते उघडायच्या आधी विचारायचे, "बंद पडला तवा काय बघत व्हता?" डॉक्टर विचारतात ना, काल काय खाल्लं होतं, तसं. कुणी सांगितलं बातम्या, की मान हलवायचे. "मग त्याचं तरी काय चुकलं?"

सकाळी दुकान उघडलं की त्यांचा एक नेम होता. रुमालात बांधून आणलेली तांदळाची शिळी भाकरी आणि मिरचीचा ठेचा ते स्टुलावर मांडायचे, चहाबरोबर खायचे. पहिल्याच घासाला म्हणायचे, "मीठ कमी हाय." मग सगळी संपवायचे. घरात त्यांची बायको ताजं करून घालायला तयार, समोरच्या हॉटेलात वडापाव तयार, आणि हा गृहस्थ रोज शिळी भाकरी खाऊन तिला रोज नावं ठेवणार. आम्ही चिडवायचो, "भाऊ, भाभी घालत न्हाईत का खायला?" ते म्हणायचे, "शिळ्या भाकरीला चव असती. तुमाला न्हाई कळायचं." शौकतभाऊ थोडे चक्रमच आहेत यावर गावाचं एकमत होतं, त्यामुळे भाकरीचा विषय कुणी पुढे नेला नाही.

खळ्यावर अगदी पुढे, भाऊंच्या खोक्यापासून हातभर अंतरावर, हिरामावशीचं घोंगडं असायचं. तिची जागा ठरलेली. मावशी भुताला कधी भ्याली नाही. तिचं घर आमच्या घराला लागून. तिचा एकुलता एक मुलगा तानाजी आणि शौकतभाऊ जिवाभावाचे दोस्त. गावात पहिला व्हिडिओ आणला तो या दोघांनीच. तानाजी भाजीचा टेम्पो चालवायचा. एका सकाळी घाईत निघाला. मावशी भाकरी थापत होती, म्हणाली, दोन घास खाऊन जा. "येऊन जेवतो," म्हणाला. बोरघाटात टेम्पो दरीत गेला.

तेव्हापासून मावशीच्या घरी रोज संध्याकाळी एक भाकरी जास्तीची होते. ती टोपलीखाली झाकून ठेवते. गावात हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर कुणी काही बोलत नाही. थट्टा करण्यात आमचं गाव कुणाला हार जायचं नाही, पण त्या टोपलीच्या वाटेला कुणी गेलं नाही.

मी शिकायला पुण्याला गेलो. तिथे मेसमध्ये एकदा भुतांच्या सिनेमांच्या गप्पा निघाल्या, आणि 'खाटवाला' सर्वांत भारी, असं मी ठासून सांगितलं. माझा नगरकडचा रूममेट एकदम खूश झाला. म्हणाला, "आणि त्यातली ती आईची गोष्ट! मी तर हसून हसून लोळलो होतो."

"कुठल्या आईची?" मी म्हणालो.

"अरे, तिसरं घर. ती म्हातारी आणि तिचा मेलेला पोरगा."

मी सांगितलं, अशी गोष्ट त्यात नाहीच. तो म्हणाला, आहे. मी म्हणालो, मी हा सिनेमा दरसाल पाहिलाय, तू मला शिकवू नकोस, आणि तावातावाने पुढे म्हणालो, "पाचव्या घराला कुलूप असतं!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मेसच्या काकूंनी विचारलं, बरं वाटत नाहीये का.

मग त्याने ती गोष्ट सांगितली. पोरगा मेलाय, पण रोज संध्याकाळी कफन गुंडाळून येतो आणि खाटेवर बसून जेवायला मागतो. शेजारीपाजारी गाव सोडून पळतात. आई मात्र वाढते. तो म्हणतो, "अम्मा, नमक कम है," आणि ती म्हणते, मेलास तरी तुझे नखरे गेले नाहीत. जेवता जेवता त्याचा हात गळून ताटात पडतो, तर ती हात बाजूला ठेवून त्याला भरवते. न्यायला आलेल्या यमदूताला ती दारातच थांबवते, हात धुऊ दे त्याला, मग ने. आणि यमदूत ताटकळलेला बघून त्यालाही पाट मांडते. शेवटी पोरगा पोट भरून ढेकर देतो आणि जातो. आई ताट घासते आणि खाट पुढच्या घरी देऊन टाकते.

मेसमध्ये सगळे हसत होते. मीही हसलो. पण मला कोडं पडलं. हसू हवं, हसू हवं म्हणून जीव टाकणाऱ्या शौकतभाऊंनी नेमकी सगळ्यात हसरी गोष्टच का कापावी? सुट्टीत गावी आल्यावर मी दुकानात जाऊन विचारलं. भाऊंनी इस्त्री उघडली होती. वर न बघता म्हणाले, "पाचव्या घराला कुलूप हाय, दिल्या."

त्यानंतर दिवस भराभर गेले. घरोघरी केबल आली, मग मोबाइल आले. कॅसेटला बुरशी लागली. खळ्यांच्या जागी पुण्या-मुंबईच्या लोकांचे बंगले झाले. मी कान्ह्याहून येऊन-जाऊन लोणावळ्यात एका हॉटेलात काउंटरला असतो. भुशी धरणावर भिजून आलेले पाहुणे मला विचारतात, "इथे भुताचा बंगला कुठला?" मी म्हणतो, इथली सगळी भुतं कान्ह्यात असायची, आता तीही दिसत नाहीत. त्यांना वाटतं मी विनोद करतोय. शौकतभाऊ अजून दुकानात बसतात, फोनच्या चार्जिंगच्या पिना दुरुस्त करतात आणि फोन आणणाऱ्याला विचारतात, "बंद पडला तवा काय बघत व्हता?" पण आता त्यांच्याकडे तोंड करून कुणी बसत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वयाच्या सगळ्यांच्या मनात आलं, की भाऊंचा सत्कार करावा. समाजमंदिरात शाल, श्रीफळ आणि प्रोजेक्टरवर 'खाटवाला'. सिनेमा शोधायचं काम माझ्याकडे आलं. कुणीतरी तो इंटरनेटवर टाकलेला होता. अख्खा, पाचही घरांसकट. मी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मोठ्या थाटात टाकलं, 'यंदा पाचव्या घराचं कुलूप उघडणार!' दिवसभर अंगठे आणि फटाके येत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शौकतभाऊ माझ्या दारात उभे. तो माणूस चिडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"दिल्या, तुला कुनी सांगितलं कुलूप उघडाया?"

"अहो भाऊ, सगळ्यात भारी गोष्ट आहे ती. लोक पोट धरून हसतील."

"त्यासाटीच म्हंतो." ते ओट्यावर बसले. "मी बगितलीया ती. कॅसेट आनली त्या राती दुकानात एकट्यानं बगितली. हासलो बी. आनि हासता हासता ध्यानात आलं, की ही आपल्या खळ्यावर लागली, तर पुढं कोन बसनार हाय."

माझ्या डोक्यात अजूनही उजेड पडला नव्हता. त्यांनी मावशीच्या घराकडे बोट केलं.

"तानाजीला जाऊन सहा म्हैनं झालं व्हतं. पडद्यावर आई मेलेल्या लेकाला जेवाया वाढनार, आनि समदं गाव हासनार. पुढं बसलेली मावशी काय करनार? भुताला कोन भ्यालं तर मी हाय, बटान दाबीन, पानी पाजीन. पन हासन्याला बटान न्हाई, दिल्या. येकदा गाव हासलं की हासलं."

 

"तवापास्नं मी तोंड फिरवून बसतो. आदी मी बी तुमच्यावानी पडद्याकडंच बगायचो. मंग वाटलं, कुटल्या गोष्टीत कुनाचं काय दुखंल, सांगता येत न्हाई. बगितलं पायजे."

"आणि ती शिळी भाकरी?" मी विचारलं. मला एकदम मावशीची ती झाकलेली टोपली आठवली होती.

"टोपलीखालची. सकाळी म्या नेतो. आदी मावशी गाईला घालायची. मीच म्हनलं, मला दे. रोज न्यायला गेलो की म्हंतो, कालच्यात मीठ कमी व्हतं. मंग ती वरडती, लय शाना झालास. वरडली की बरी असती."

मी शब्द दिला की ती गोष्ट लावणार नाही. लॅपटॉपवर पुढे सरकवेन, आणि वर भाऊंनी लावलेला क्रमच ठेवेन. भाऊंनी तीन वेळा वदवून घेतलं.

कार्यक्रमाच्या दिवशी समाजमंदिर दिवेलागणीलाच भरलं. ज्यांनी खळ्यावर आईच्या पदरात तोंड लपवलं होतं ते आता पोरंबाळं घेऊन आले होते. मामा न सांगता भिंतीच्या कडेला जाऊन बसला. हिरामावशी देहूरोडच्या लेकीच्या मुलीचा हात धरून आली. लोकांनी खुर्ची पुढे केली, ती तिने बाजूला सारली आणि अगदी पुढे घोंगडं अंथरलं. शाल-श्रीफळ झालं. सोसायटीच्या सेक्रेटरीने लांबलचक भाषण केलं आणि तो एकदाही हसला नाही. शौकतभाऊंनी कोपऱ्यातला एक लाकडी खोका ओढला, पडद्यापुढे उपडा घातला, आणि आमच्याकडे तोंड करून बसले. केस पांढरे झालेले, पण बसणं तेच.

रिकामी खाट आली. पोरांच्या किंकाळ्या आल्या. भाऊंनी मला बोटाने आवाज कमी करायला सांगितला, मी केला. पैलवान जिंकून मेला. चोराच्या डोक्यावर खाट बसली. पुढे मूळ सिनेमातलं तिसरं घर. मी लॅपटॉपच्या बटणाकडे हात नेला.

"दिलीप," पुढून आवाज आला. "थांब."

हिरामावशी. माझा हात तिथेच राहिला.

"पुढं पळवू नगं. त्या लेकाची गोष्ट लाव. मी तेवड्यासाटी आलेय."

 शौकतभाऊंनी खोक्यावरून मावशीकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे, जसं काही मीच फितूर झालो होतो.

"मावशी, तुला कुनी सांगितलं तिच्यात काय हाय ते?"

"बगितलीया मी. देहूरोडला, लेकीच्या घरी. तानाजीला वरीस झालं त्याच साली. टीव्हीला लागला व्हता. लय हासले मी. लेक घाबरली, म्हनली आईला काय झालं." मावशी सगळ्यांसमोर बोलत होती, पण सांगत होती एकट्या शौकतभाऊंना. "त्या बाईचा लेक जेवून गेला रं. माजा उपाशी गेला. पिच्चरमदी का व्हईना, एकाचा तरी जेवून गेला. मला बरं वाटलं."

"मंग इतकी वरसं बोलली का न्हाईस?"

"कशी बोलनार? दरसाल पुढं येऊन बसायचे, म्हनायचे आवंदा लागंल. आनि तू तिथं आलास की उडी मारायचास. मला वाटायचं, ह्यालाच सोसत न्हाई. तानाजी ह्याचा दोस्त. पडद्याकडं पाट करून बसतो, त्ये त्यासाटीच. म्हनलं, ऱ्हाऊ दे, कशाला त्याला तरास."

मावशीने घोंगड्यावर हात आपटला.

"ऊठ तितनं. हितं ये. आनि तोंड तिकडं कर."

भाऊ उठले. खोका तसाच राहिला. मावशीने सरकून दिलेल्या जागेत ते मांडी घालून बसले, आणि मी बटण दाबलं.

आम्ही सगळे त्यांच्या मागे होतो. शौकतभाऊंची पाठ आम्ही अशी पहिल्यांदाच पाहत होतो. पाठीला जरासं पोक आलेलं होतं. इतकी वर्षं त्या माणसाने आमची तोंडं राखली, आणि त्याचं स्वतःचं तोंड राखायला समोर कुणीच नव्हतं.

पडद्यावर दार वाजलं. कफनातला पोरगा खाटेवर येऊन बसला. आईने ताट ठेवलं. त्याने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "अम्मा, नमक कम है."

मावशीने शौकतभाऊंच्या गुडघ्यावर चापट मारली. "बग, तुज्यावानीच हाय मेला!"

आणि ती हसली, अगदी मोकळी. मग भाऊ हसले. डोळ्यांना पाणी आलेलं होतं, ते पुसत पुसत हसले. तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला आणि आम्ही हसायला लागलो. हात ताटात पडला तेव्हा हसलो, यमदूत पाटावर बसला तेव्हा तर मामा भिंतीवर डोकं आपटून हसत होता. मुलगा ढेकर देऊन निघाला तेव्हा मात्र कुणीच हसलं नाही. मावशीने हळूच हात जोडले.

आईने ताट घासलं. खाट पुढच्या घरी निघाली. मी लॅपटॉप थांबवला. आता काय करावं मला सुचेना. उरलेला सिनेमा लावणं बरं दिसेल का, की इथेच आवरावं?

शौकतभाऊंनी मागे वळून पाहिलं नाही. मावशीचा हात त्यांच्या हातात होता. दुसरा हात त्यांनी वर केला आणि म्हणाले, "दिल्या, बसलास काय? सासू लाव. लोकांला घरी जायाचंय."